पिकअपचं नाक वर घ्यायचंय? पुढच्या सस्पेन्शनची उंची जुळवण्याची पूर्ण पद्धत

रिकामी पिकअप बाजूने पाहिली की पुढून झुकलेली आणि मागून उचललेली दिसते. नवी गाडी घेतलेल्या अनेकांना ते खटकतं आणि महिनाभरात ‘पुढून जरा उचलून द्या’ म्हणत ते गॅरेजात पोचतात. खरं तर कंपनीने ते ठरवूनच केलेलं असतं. मागचे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) माल वाहण्यासाठी आहेत. हौद्यात माल पडला की मागची बाजू बसते आणि गाडी सरळ होते. रिकामी असताना मागची बाजू साधारण २५ ते ५० मिलिमीटर उंच असणं पिकअपमध्ये अगदी नेहमीचं आहे.

म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगतो. रिकामी गाडी एकदम सपाट करू नका. सपाट केलेल्या गाडीत माल भरला की तिचं नाक आभाळाकडे जातं, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, स्टेअरिंग हलकं पडतं आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. रिकाम्या गाडीत मागे १५ ते २० मिलिमीटर उंची शिल्लक राहील, एवढंच पुढून उचलायचं. दिसायला गाडी सरळ वाटते आणि माल घेऊनही नीट चालते.

इथे मुख्यतः दोन प्रकारच्या गाड्या धरल्या आहेत. पुढे कॉइल स्प्रिंगच्या आत शॉकॲब्सॉर्बर असलेल्या, म्हणजे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स. आणि पुढे टॉर्शन बार असलेल्या, म्हणजे टाटा झेनॉन. पुढेही पाटेच असलेल्या बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

नाक खाली का आहे, ते आधी शोधा

नवी गाडी झुकलेली असणं वेगळं आणि पाच-सात वर्षं चाललेली गाडी झुकत जाणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंग बसलेली असते, बुश (सांध्यांतले रबर) गेलेले असतात किंवा पुढे नको तेवढं वजन लटकवलेलं असतं. बसलेल्या स्प्रिंगवर स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) चढवून उंची मिळवणं म्हणजे दुखणं झाकणं. स्प्रिंग पुढेही बसतच राहते आणि वर्षभरात नाक पुन्हा खाली येतं.

सगळ्यात आधी बंपरकडे बघा. लोखंडी क्रॅशगार्ड, विंच, जाड प्लेट असं काही लावलं असेल तर ते सगळं वजन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे असतं, त्यामुळे ते स्प्रिंगला स्वतःच्या वजनापेक्षा जास्त दाबतं. शिवाय केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच क्रॅशगार्डवर कारवाई करण्याचे निर्देश राज्यांना दिले आहेत. तो काढा, गाडी थोडी फिरवून आणा आणि पुन्हा मोजा. काही गाड्यांचं काम इथेच संपतं, एक पैसाही खर्च न करता.

मग डावी-उजवी तुलना करा. चालक, टाकी, बॅटरी यांच्या जागेमुळे दोन बाजूंत पाच-सात मिलिमीटरचा फरक पडू शकतो. त्याहून बराच जास्त फरक असेल तर स्प्रिंगचा वेढा तुटलाय का, लोअर आर्म (चाकाला चासीशी जोडणारा खालचा दांडा) वाकलाय का, ते बघा. स्प्रिंग बहुधा अगदी खालच्या वेढ्यात तुटते आणि तिथे चिखल साचलेला असल्यामुळे ते वरवर दिसत नाही. पाण्याने धुऊन, टॉर्च मारून बोट फिरवून बघावं लागतं.

तुमची स्प्रिंग बसली आहे की नाही हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे तेच मॉडेल, तोच व्हेरियंट असलेली नवी गाडी मोजणे. शोरूमच्या आवारात ती उभी असते. विनंती केली तर टेप लावून देतात.

मोजमाप

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सगळं काम याच्यावर उभं आहे. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. हौदा रिकामा करा, डिझेल साधारण अर्धी टाकी ठेवा. गाडी सपाट काँक्रीटवर किंवा फरशीवर घ्या. मातीचं अंगण चालणार नाही. जागेवर आणल्यावर एकदा दोन-तीन मीटर मागे-पुढे करा आणि बंपर दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या नैसर्गिक जागी येतं.

आता दोन वेगळी मापं घ्यायची. पहिलं, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही चाकांना. टायर बदलला किंवा हवा कमी-जास्त झाली तरी हे माप बदलत नाही, म्हणून कामाच्या आधी आणि नंतर तुलना करायला हेच वापरायचं.

पण गाडी किती झुकली आहे ते या मापावरून ठरवू नका. पुढच्या आणि मागच्या मडगार्डची कमान कंपनीने सारख्या उंचीवर कापलेलीच नसते. तिथे सपाट दिसणारी गाडी प्रत्यक्षात सपाट नसते. त्यासाठी दुसरं माप चासीचं. केबिनच्या खाली चासीचा मधला भाग सरळ असतो. त्यावर एकमेकांपासून दीड मीटर अंतरावर खडूने दोन खुणा करा आणि दोन्ही ठिकाणी जमिनीपासूनची उंची मोजा.

समजा पुढची खूण मागच्यापेक्षा १८ मिलिमीटरने खाली आहे. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३०९५ मिलिमीटर, म्हणजे या दीड मीटरच्या दुपटीहून थोडा जास्त. तेव्हा पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एकूण झुकाव झाला साधारण ३७ मिलिमीटर. त्यातले १५ ठेवायचे, म्हणजे पुढून उचलायचे २२ मिलिमीटर. हा आकडा वहीत लिहून ठेवा. बाजारात स्पेसर घ्यायला गेल्यावर तुम्हाला याच्या दुप्पट उंची विकायचा प्रयत्न होणार आहे.

कायद्याचं काय

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. बसलेली स्प्रिंग बदलून किंवा टॉर्शन बार फिरवून उंची कंपनीच्या मापावर परत आणणं ही दुरुस्ती आहे. त्याच्या वर उचलणं हा बदल ठरू शकतो. ते करायचं असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघात झाल्यावर दाव्याच्या वेळी हा विषय निघाला तर मोठा फटका बसतो. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरशी बोलाच.

माझा कल स्पष्ट आहे: गमावलेली उंची परत मिळवा. त्याच्या पलीकडे जायचंच असेल तर गरजेपुरतं, चाकाशी ४० मिलिमीटरच्या आत.

टॉर्शन बारची गाडी: झेनॉन

टॉर्शन बार ही चासीच्या कडेने मागे जाणारी लांब पोलादी सळई. तिचं पुढचं टोक सस्पेन्शनच्या आर्ममध्ये आणि मागचं टोक क्रॉस मेंबरजवळच्या एका छोट्या अँकर आर्ममध्ये अडकलेलं असतं. चाक वर गेलं की सळई पिळली जाते आणि तोच पीळ चाकाला खाली ढकलतो. अँकर आर्मला एक लांब ॲडजस्टिंग बोल्ट असतो. तो आवळला की गाडी वर येते, सोडला की खाली बसते. कुठलाही पार्ट न घेता उंची जुळवता येते, म्हणून ही सगळ्यात स्वस्त पद्धत.

आदल्या रात्री दोन्ही बोल्टच्या आट्यांवर तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवणारा स्प्रे मारा. आपल्याकडे कोकणातून आलेल्या गाड्यांचे हे बोल्ट इतके गंजलेले असतात की घाई केली तर आटे जातात, आणि मग तो बोल्ट काढणं हे वेगळंच प्रकरण होतं. सकाळी बोल्टचे बाहेर दिसणारे आटे दोन्ही बाजूंना व्हर्नियरने मोजून लिहून घ्या आणि पांढऱ्या रंगाची खूण करा. काही बिघडलंच तर परत इथे येता येईल.

मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. पुढून जॅक लावून चासी दोन्ही बाजूंनी स्टँडवर घ्या, पुढची दोन्ही चाकं लटकू द्या. गाडी जमिनीवर असताना हा बोल्ट फिरवू नका. सगळा भार आट्यांवर असतो आणि ते खरवडले जातात. चाकं लटकली की भार उतरतो आणि बोल्ट सहज फिरतो.

चेकनट (बोल्ट जागेवर धरून ठेवणारा नट) असेल तो सैल करा. दोन्ही बाजूंचे बोल्ट आधी दोन-दोन फेरे आवळा, त्याहून जास्त नाही. गाडी खाली घ्या, मागे-पुढे करा, बंपर दाबा, हबपासून मडगार्ड मोजा. दोन फेऱ्यांना किती मिलिमीटर मिळाले ते कळलं की पुढचा हिशोब सोपा होतो. दोन बाजूंत फरक राहिला तर जी बाजू खाली राहिली फक्त तिचा बोल्ट थोडा आवळा. हवी ती उंची आली की चेकनट आवळा आणि आट्यांवर ग्रीस लावून टाका.

एक गैरसमज इथे फार खोल रुजलाय, की बोल्ट आवळला की सस्पेन्शन कडक होतं. सळईचा कडकपणा तिच्या जाडीवर, लांबीवर आणि पोलादावर ठरतो. बोल्टाने तो बदलत नाही, बदलते ती फक्त उंची. मग गाडी आदळायला का लागते? कारण उंची जास्त घेतल्यावर आर्म त्याचं खाली जाणं थांबवणाऱ्या रबरी थांब्याला जवळजवळ टेकून राहतो. चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही. खड्डा आला की चाक खड्ड्यात जाण्याऐवजी सगळी गाडी खाली येते आणि ठक्क असा आवाज होतो. म्हणून काम झाल्यावर गाडी जमिनीवर असताना आर्म आणि त्या थांब्यामधली फट बघा. बोटही जात नसेल तर दोन फेरे कमी करा.

सळईवर पाइप पाना लावू नका, हातोडा मारू नका. पिळाखाली काम करणाऱ्या पोलादावर छोटासा ओरखडासुद्धा पुढे तडा होऊ शकतो. सळई काढायची वेळ आली तर डावी-उजवी खूण केल्याशिवाय काढू नका. ती एकाच दिशेच्या पिळासाठी तयार केलेली असते, बाजू बदलून बसवली तर टिकत नाही. आणि अँकरचा बोल्ट पूर्ण काढण्यासाठी त्याचा खास पुलर लागतो. त्याशिवाय तो काढू नका, आत साठलेला पीळ सुटला तर हात जाईल.

कॉइल स्प्रिंगची गाडी: व्ही-क्रॉस, हायलक्स

इथे उंची वाढवायचे तीन मार्ग आहेत. पहिला, नवी किंवा थोडी लांब स्प्रिंग. दुसरा, स्प्रिंगच्या वर आतल्या बाजूने चकती घालून स्प्रिंग आधीच दाबून ठेवणे. तिसरा, शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटवर, म्हणजे बाहेरून, स्पेसर ठेवणे.

पैसे असतील तर पहिला. बसलेल्या गाडीला मूळ स्प्रिंग जोडीने बदलल्या की कायद्याची चिंता नाही आणि गाडीचा स्वभावही पूर्वीसारखा होतो. दुसऱ्या मार्गात गाडी उभी असतानाच शॉकॲब्सॉर्बर जास्त उघडलेला राहतो. त्यामुळे खाली जायची जागा कमी होते आणि स्पीडब्रेकर उतरताना आतून टक्क वाजतं. शिवाय त्यासाठी दाबलेली स्प्रिंग उघडावी लागते. घरी हे काम करू नये.

तिसरा मार्ग सगळ्यात जास्त वापरला जातो आणि घरी होण्यासारखा आहे, पण त्याचा तोटा फारसं कोणी सांगत नाही. स्पेसरमुळे शॉकॲब्सॉर्बर अख्खाच्या अख्खा खाली सरकतो. चाक मात्र वरच्या बाजूला पूर्वीइतकंच जातं, कारण त्याला थांबवणारा रबरी ठोकळा चासीवर आहे तिथेच आहे. मोठ्या खड्ड्यात चाक पूर्ण वर गेलं की शॉकॲब्सॉर्बरला स्पेसरच्या जाडीइतकं जास्त मिटावं लागतं. स्पेसर जाड असेल तर रबरी ठोकळा लागायच्या आधीच शॉकॲब्सॉर्बर आतून तळाला आपटतो. असे दणके बसले की त्याचं सील जातं, नाहीतर वरचं माउंट फुटतं. खाली लटकताना उलट होतं: चाक पूर्वीपेक्षा जास्त खाली जातं आणि अप्पर बॉल जॉइंट (वरच्या आर्मच्या टोकाचा गोल सांधा), ४×४ असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा, त्याच्या शेवटच्या कोनापर्यंत ताणला जातो. म्हणून स्पेसर पातळ हवा.

किती पातळ? शॉकॲब्सॉर्बर लोअर आर्मच्या टोकाला नाही, साधारण मध्याकडे बसतो. म्हणून चाक जितकं हलतं त्याच्या अर्ध्याच्या आसपास शॉकॲब्सॉर्बर हलतो. तुमच्या गाडीचं नेमकं प्रमाण स्वतः मोजता येतं. गाडी जमिनीवर असताना शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या बोल्टपासून वरच्या माउंटपर्यंत लांबी घ्या आणि हब ते मडगार्ड हेही माप घ्या. मग चाकं लटकवून दोन्ही परत मोजा. समजा हब ७० मिलिमीटर खाली गेला आणि शॉकॲब्सॉर्बर ३८ ने लांबला, तर प्रमाण ०.५४. आपल्याला चाकाशी २२ मिलिमीटर हवे होते, म्हणजे स्पेसर १२ मिलिमीटरचा. बाजारात सर्रास मिळणारा २५ मिलिमीटरचा स्पेसर या गाडीला ४५ मिलिमीटरच्या वर उचलेल आणि नाक मागच्या बाजूच्याही वर नेईल.

स्पेसर पोलादी किंवा चांगल्या ॲल्युमिनियमचा घ्या, एकाच तुकड्याचा. दोन पातळ एकावर एक ठेवू नका, वॉशर रचून जाडी करू नका. लेथवर करून घ्यायचा असेल तर माउंटची भोकं कागदावर न काढता प्रत्यक्ष माउंट नेऊन दाखवा. भोकांची जागा अर्धा मिलिमीटर चुकली तरी बोल्ट तिरका बसतो.

आता काम. नटांची टॉर्क मापं (कुठला नट किती जोराने आवळायचा ते) तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून काढून आधीच कागदावर लिहून ठेवा. दोन चांगले जॅकस्टँड, ट्रॉली जॅक, गोट्यांचा (सॉकेटचा) संच, टॉर्क पाना, पहार, जाड तार, नवे स्प्लिट पिन आणि नवे लॉकनट जवळ घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, विटा आणि दगडांवर तर मुळीच नाही.

चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करा. पुढून उचलून स्टँड चासीच्या मुख्य रेल्सखाली लावा, आर्मखाली नाही. दोन्ही चाकं काढून एकेक चाक चासीखाली आडवं सरकवा. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही.

अँटी-रोल बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या सळईची) लिंक दोन्ही बाजूंची काढा. एकाच बाजूची काढली तर दुसऱ्या बाजूचा ताण बारमधून येतो आणि काहीच सरकत नाही. मग ब्रेकच्या होजचा आणि एबीएसच्या वायरचा ब्रॅकेट सोडवा. इथे फार लोक घाई करतात. नकल (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) बाहेर झुकली की ती वायर ताणली जाते आणि सेन्सर जातो. डॅशवर दिवा लागल्यावरच ते कळतं.

लोअर आर्मखाली जॅक हलका टेकवून ठेवा. अप्पर बॉल जॉइंटची स्प्लिट पिन काढा, नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे धरून राहू द्या. बॉल जॉइंटच्या आट्यांवर हातोडा मारू नका. नकलच्या ज्या जाड भागात तो बसला आहे त्याच्या बाजूवर एक-दोन नेमके ठोके दिले की तो सुटतो, आणि नट असल्यामुळे नकल एकदम खाली पडत नाही. मग नट काढून नकल तारेने अप्पर आर्मला बांधून ठेवा. ४×४ गाडीत हे विसरू नका: नकल मोकळी बाहेर झुकली की ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटतो.

शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढा. तो कुठल्या बाजूने घातला होता ते लक्षात ठेवा. मग बॉनेटच्या बाजूने वरच्या माउंटचे फक्त तीन नट काढा. मधल्या मोठ्या नटाला पाना लावायचा नाही. त्या एकाच नटाने दाबलेली स्प्रिंग आत धरून ठेवलेली असते. तो सुटला तर स्प्रिंग आणि माउंट बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. सोबत काम करणाऱ्यालाही हे आधी सांगा आणि वाटलं तर त्या नटावर लाल टेप चिकटवा.

लोअर आर्म पहारीने खाली दाबून शॉकॲब्सॉर्बर बाहेर काढा. माउंटवर गाडीची पुढची बाजू कोणती याची खूण करा. वरचा पृष्ठभाग पुसून स्पेसर बसवा, मूळ स्टडवर त्याचे नट मापाने आवळा. मूळ स्टड स्पेसरच्या वर निघत असतील तर ते गाडीच्या शरीराला टेकत नाहीत ना, ते बघा. मग सगळं उलट्या क्रमाने बसवा. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, एकही पूर्ण आवळू नका. वरचे तीन नट, बॉल जॉइंटचा नट आणि ब्रॅकेट इथेच टॉर्क पान्याने पूर्ण करा. बॉल जॉइंटला नवी स्प्लिट पिन.

पण शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट आणि लोअर आर्मचे चासीकडचे बोल्ट चाकं लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. त्यांच्या बुशमधलं रबर ज्या स्थितीत आवळाल त्या स्थितीत धरून राहतं. लटकताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. चाकं लावून, गाडी जमिनीवर घेऊन, दोनदा दाबून, मगच हे आवळा. आर्मचे बोल्ट बहुधा अलाइनमेंटच्या वेळी सैल होतातच, तेव्हा तिथल्या माणसाला सांगा की शेवटचं आवळणं गाडीच्या उभ्या उंचीवर करायचं.

रस्त्यावर नेण्याआधी

गाडी परत जॅकवर घेऊन चाकं लटकवा आणि कोणालातरी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. तुम्ही खाली बघा. ब्रेक होज ताणला जातोय का, वायर टायरला घासते का, अप्पर आर्म स्प्रिंगला टेकतो का, ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर दाबल्या जातायत का. यातलं काहीही दिसलं तर उंची कमी करायची. होज लांब करून किंवा आर्म घासून जुळवू नका.

नंतर थेट अलाइनमेंट. पुढची उंची बदलली की टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि कॅम्बर (चाकाचा बाजूला कल) बदलतात, कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे कल) बहुधा कमी होतो. टो चुकला तर टायरची कड झपाट्याने खाल्ली जाते. कॅस्टर कमी झाला तर गाडी महामार्गावर तरंगल्यासारखी चालते आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही. छापील रिपोर्ट मागून घ्या आणि तिन्ही आकडे कंपनीच्या मर्यादेत आहेत का ते तिथेच उभं राहून बघा. कित्येक ठिकाणी फक्त टो जुळवून गाडी सोडून देतात.

हेडलाइटचा हिशोब तर प्रत्येकाने करावा. डिपरचा झोत साधारणपणे १० मीटरवर १० ते १५ सेंटीमीटर खाली येईल असा लावलेला असतो. पुढून गाडी ४० मिलिमीटर उचलली तर ३०९५ मिलिमीटरच्या व्हीलबेसवर झोत १० मीटरवर जवळजवळ १३ सेंटीमीटर वर जातो. म्हणजे तुमचा डिपर समोरच्याला अप्परसारखाच लागतो. रात्री घाटात समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला त्याने काहीच दिसत नाही. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखा, त्याखाली १२ सेंटीमीटरवर दुसरी रेघ ओढा आणि झोताची वरची कड त्या रेघेवर आणा. डॅशवरचं हेडलाइटचं चाक आधी शून्यावर ठेवा.

पुढेही पाटे असतील तर

बोलेरो पिकअपसारख्या गाडीत बसलेले पाटे चांगल्या पाटेवाल्याकडून पुन्हा कमानीत आणता येतात, पण जुने पाटे फार काळ कमान धरत नाहीत. नवीन संच टाकलेला परवडतो. सोबत यू-बोल्टही नवे घ्या. जास्तीचा एक पाटा टाकला तर गाडी उचलली जाईल, पण रिकामी असताना हाडं खिळखिळी करेल. पुढच्या ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा घालून उंची घेणं मात्र अजिबात नको. ब्रेक मारताना पुढच्या ॲक्सलवर येणारा पीळ त्या ठोकळ्यावर येतो आणि तो सरकला तर स्टेअरिंगच हातात राहत नाही.

मागून पाटा काढून गाडी सपाट करायचा सल्लाही कोणी देतं. माल वाहायची ताकद तर जातेच, शिवाय ज्या पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलवर भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो त्याला चासी आणि ॲक्सलमधलं अंतर कमी झालं की गाडी भरलेली आहे असं वाटतं. तो रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो, आणि पावसात मागची चाकं आधी अडकतात.

शेवटची तपासणी भरल्या गाडीची

शंभरेक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, चाकांचे नटही. हबपासून मडगार्डचं माप परत घ्या; टॉर्शन बारची किंवा नव्या स्प्रिंगची गाडी काही मिलिमीटर बसलेली असेल, ते ठीक आहे.

मग तुमचा नेहमीचा माल भरा: कांद्याच्या गोण्या असोत, सिमेंट असो, नाहीतर बांधकामाचं सळई-साहित्य. चासीवरच्या त्याच दोन खुणा मोजा. पुढची खूण मागच्यापेक्षा वर आली असेल तर पुढून जास्त उचललं गेलं आहे. टॉर्शन बार असेल तर दोन फेरे सोडा, स्पेसर असेल तर पातळ करून आणा, आणि अलाइनमेंट व हेडलाइट पुन्हा लावून घ्या. दोन्ही खुणा सारख्या किंवा पुढची किंचित खाली असेल तर गाडी कामाला लावा.